कॅसेटमधली परकी पोर

१

"ही माजी बाई न्हाई," असं म्हणून ग्यानबानं माझ्या काउंटरवर दोन कॅसेटी ठेवल्या.

आता मला सांगा, शनिवारची भर दुपार, फाल्गुनातलं ऊन, समोर गंगाखेडचा एसटी स्टँड पेंगायलाय, साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येतोय, आणि अशा वेळी दारात येऊन कुणी हे बोललं तर माणसानं काय करावं? माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं हा धंदा करतोय. जुन्या तबकड्या आणा, रेडिओवरची भजनं आणा, आजोबांची फाटकी टेप आणा, नागनाथ ती कॅसेटवर उतरवून देतो. आजवर एका माणसानं तक्रार केलेली नाही. म्हणजे दोघांनी केली होती, पण ते भांडखोर होते.

"कोण न्हाई?" मी विचारलं.

"भिवरा. ह्याच्यात जी गायलीय ती माजी भिवरा न्हाई. कोणतरी परकी पोर हाय."

ग्यानबा पिंगळीचा धनगर. त्याची बायको भिवराबाई मागच्या श्रावणात छातीच्या दुखण्यानं गेली. त्याआधी काही महिने ती अंगणात जात्यावर बसली असताना त्याच्या धाकट्या भावानं, रायभाननं, टेपचं आवाज भरायचं लाल बटण दाबून ठेवलं होतं. तेवढाच तिचा आवाज मागं उरला. येत्या मंगळवारी त्यांच्या लेकीची, बानूची हळद. हळद दळताना पहिली ओवी आईनं म्हणायची, ही त्यांच्या घरची रीत. आई नाही तर आईची कॅसेट लावू, असं ग्यानबानं ठरवलं होतं. कॅसेट एकच, तुटली तर काय घ्या, म्हणून नक्कल करायला माझ्याकडं पाठवली. बुधवारी रायभान देऊन गेला, गुरुवारी दोन्ही घेऊन गेला.

"लगनघर हाय म्हणून रायभाननं टेपात नवे कोरे सेल घातले," ग्यानबा सांगू लागला. "कसा खणखणीत बोलायला लागला. तुमची नक्कल लावली, तर ही पोर. माजी अस्सल लावली, तर तिच्यातबी हीच पोर!"

"अस्सल कॅसेटच कुणी बदलली असंल."

"कशी बदलंल? ह्ये बघा." कॅसेटच्या कोपऱ्यावर हळदीचा पिवळा ठसा होता. "तिचा आंगठा हाय. कॅसेट माजीच. आतली बाई गेली."

मी कॅसेट मशीनला लावली. घरघर करणारं जातं, किणकिणणाऱ्या बांगड्या, आणि त्यातून एक बारीक आवाज आला. दहा-बारा वर्षांची पोर घाईघाईत गावी तसा.

दळण सरलं, सुपात उरलं पीठ
बानूला माझ्या, कुणी लावू नका दीठ

ऐकताना मलाच कसंतरी झालं. दुपारची झोप मोडून उठावं आणि दारात कोण उभं आहे ते ओळखू येऊ नये, तसं. अशा सात-आठ ओव्या होत्या. मग शेवटी अर्धा मिनिट नुसती किरकिर, रातकिड्यासारखी. गुरुवारी नक्कल करतानाही ती ऐकून, मशीनचं हेड मळलं असेल म्हणून, मी ते दोनदा स्पिरिटनं पुसलं होतं.

"शब्द तिचेच आहेत का?" मी विचारलं.

"सगळे तिचेच."

"मग हेच शब्द आणखी कुणाला येतात?"

ग्यानबानं मान खाली घातली.

"घरात एकलीलाच," तो म्हणाला. "रायभानच्या बायकोला. धुरपताला."

२

माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकून कमलबाई कासारणीचं बांगड्यांचं दुकान. तिला भिंतीतूनही ऐकू जातं. ती पदर सावरत आत आली आणि न विचारता स्टुलावर बसली.

कमलमावशीची एक खोड आहे. बांगडी गिऱ्हाइकाच्या हातात भरण्याआधी ती नखानं टिचकी मारून कानाशी धरते. तडा डोळ्याला दिसत नाही, कानाला दिसतो, असं तिचं म्हणणं. तालुक्यात कुणाच्या सुनेचं पटत नाही आणि कुणाचा नवरा पितो, हे पोलिसांच्या आधी तिला कळतं. भिवराबाईला दर संक्रांतीला तिनंच बांगड्या भरल्या होत्या.

"लाव रे पुन्हा," ती म्हणाली.

मी लावली. तिनं डोळे मिटले. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी वैतागलो.

"मावशी, ही काय सत्यनारायणाची पोथी आहे?"

"गप्प बैस. ग्यानबा, मधीच कुत्रं भुंकतं ते कुणाचं?"

"आमचं. वाघ्या."

"तेव्हा पिल्लू होतं?"

"न्हाई ओ. सात वर्साचं दांडगं कुत्रं. त्याच्या आवाजानं लांडगा शिव सोडून जातो."

"आणि घंटी?"

"सर्ज्याची. आमचा म्होरक्या मेंढा. भिवरानं बांधलीय त्याच्या गळ्यात."

मला मात्र कुत्र्या-मेंढ्यांच्या चौकशीत काही अर्थ दिसेना. गुन्हेगार तर समोर होता. ग्यानबानंच सांगितलं होतं, की बंदमुळं एसटी नव्हती म्हणून माझ्याकडं यायच्या आधी सोमवार-मंगळवार कॅसेट पिंगळीच्या घरात पडून राहिली. ग्यानबा मेंढरांमागं, रायभान बाजाराला, बानू मामाकडं. घरात एकटी धुरपता. तिचा आवाज बारीक, ओव्या तिला पाठ, टेप हाताशी. लाल बटण दाबायला किती वेळ लागतो?

"पण ती असं का करंल?" मी विचारलं.

"रायभान म्हणतो, हळदीला मोठेपणा मिळावा म्हणून," ग्यानबा म्हणाला. "आईच्या जागी आपलाच आवाज वाजावा म्हणून. मी तिला इचारू शकत न्हाई. थोरल्या दिरानं धाकट्याच्या बायकोशी बोलायची आमच्यात रीत न्हाई. पण ती रायभानलाबी कायबी सांगंना. खाली मान घालून रडती नुसती." त्याचे डोळे भरून आले. "त्यो तिला उद्या माहेरी घालवायचं म्हणायलाय. घालवू द्या. माझ्या लेकीच्या हळदीला तिचा हात लागू देणार न्हाई मी."

"उद्या नको," कमलमावशी उठत म्हणाली. "उद्या मी चुडा भरायला येते. बांगड्या भरल्याबिगर कुठली बाई माहेरी जाते? तेवढं रायभानला सांग. आणि नागनाथ, दुकान बंद कर. तूही येतोस."

३

रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही पिंगळीला उतरलो. करडी काढायला आली होती. रानात धूळ आणि ऊन एकमेकांत मिसळून सगळं पिवळसर झालं होतं. मावशी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन पुढं आणि मी हात हलवत मागं.

रायभान दारातच भेटला. माणूस वाईट नाही, पण तोंडानं तिखट.

"पुरावा काय पाहिजे आणखी?" तो म्हणाला. "दोन दिवस टेप घरी होता. बुधवारी बघतो तर सेल पार मेलेले. मग कुणी वाजवला? मी म्हणलं मरू द्या, जुने सेल उन्हात घालून घालून किती दिवस चालवायचं? वरीसभर तेच करायलो आमी. चुलीपाशी शेकायचे, पत्र्यावर वाळवायचे. लग्नासाठी नवे आणले."

"म्हणजे आधीचे सेल कधी बदललेच नव्हते?" मावशीनं विचारलं.

"मागच्या साली टाकलेले. गरम केले की चालायचे की."

मला वाटलं, बाई आता सेलांच्या भानगडीत कशाला पडली. ती मात्र आत गेली. मी अंगणात, पण दार उघडं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

धुरपता पंचविशीतली, किडकिडीत. मावशीनं तिचा हात हातात घेतला आणि हिरवी बांगडी चढवायला सुरुवात केली. ही मावशीची कचेरी. ती मला एकदा म्हणाली होती, खोटं बोलणाऱ्या बाईचा हात आखडतो, मग बांगडी फुटते.

"टेप तू वाजवलास?"

"व्हय."

बांगडी चढली.

"किती वेळ?"

"दोन दिस. घरात कुणी नव्हतं. आक्काची कॅसेट लावली आन् जात्यावर बसले. ती म्हणायची, मी मागनं म्हणायची. पहिल्यासारखं. मला सासू न्हाई, मावशी. दळण-कांडण सगळं आक्कानंच शिकवलं. रायभानला सांगितलं असतं तर म्हणला असता, सेल जाळलेस."

दुसरी बांगडी चढली.

"सिनेमाची गाणी नाही लावलीस?"

"ती कोण लावतंय! आमच्या टेपात सिनेमातल्या बाया लय रडक्या गात्यात. जाड्या आवाजानं, म्हशीवानी. आक्काचाच आवाज तेवढा नीट यायचा."

"मग लाल बटण?"

मी दाराकडं कान लावला.

"खरं सांग पोरी. आवाज कुणी घालवला?"

"मीच," धुरपता म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "मीच घालवला."

आणि बांगडी न फुटता सरळ मनगटावर गेली.

४

रायभान तावातावानं आत निघाला. मावशीनं उंबऱ्यातच त्याला हातानं थोपवलं.

"तिचं पुरं बोलणं ऐक. कसा घालवलास गं?"

"लय वेळा ऐकला म्हणून." धुरपता पदरात तोंड लपवून बोलत होती. "जातं फिरवून फिरवून झिजतं, तसा आक्काचा आवाज झिजला. इतका जाड, भरलेला आवाज, मी दोन दिसांत ऐकून ऐकून बारीक केला. दादांच्या लेकीसाठी ठेवलेला, आन् मी एकलीनं संपवला."

अरे देवा! चार दिवस ही बाई हे ओझं घेऊन रडत होती आणि आम्ही तिला चोर ठरवून मोकळे झालो होतो. माझी मलाच लाज वाटली.

मावशी बाहेर येऊन ओट्यावर बसली. ग्यानबालाही बोलावून घेतलं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "गाणारी बाई बदलली, धरून चालू. मग कुत्रं कुणी बदललं? सात वर्षांचं दांडगं कुत्रं कॅसेटमध्ये पिल्लासारखं कुईकुई करतं. सर्ज्याची घंटी ऐका, पैंजणाच्या घुंगरासारखी वाजते. आणि बांगड्या! भिवराच्या हातात मीच भरलेल्या, डझनभर जाड काचेच्या. त्यांचा आवाज मला झोपेत ओळखू येईल. कॅसेटमध्ये त्या तान्ह्या पोरीच्या वाटतात. धुरपतानं ओव्या म्हटल्या असतील, पण कुत्र्याला बारीक भुंकायला कुणी शिकवलं?"

रायभाननं वळून वाघ्याकडं बघितलं.

"सगळंच बारीक झालंय. म्हणजे बाई तीच आहे. चूक टेपाची आहे. नागनाथ, आता तू सांग. उन्हात वाळवलेल्या सेलांवर टेप कसा चालतो?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी कपाळावर हात मारून घेतला. आठ वर्षांचा धंदा, आणि एवढं साधं मी रायभानला विचारलं नव्हतं, की कॅसेट कशावर भरली!

"हळू चालतो," मी म्हणालो. "सेल दमलेले असले की मोटर दमते, फीत रखडत फिरते. भिवराबाईचा आवाज त्या रखडणाऱ्या फितीवर भरला गेला. आता माझ्या विजेवर काय किंवा नव्या सेलांवर काय, फीत तिच्या खऱ्या वेगानं पळते. फीत पळाली की आवाज पळतो, आणि पळणारा आवाज बारीक होतो."

"मग वरीसभर नीट कसा आला?" रायभान अजून वाकड्यातच होता.

"कारण वरीसभर सेल तेच दमलेले होते. हळू भरलं, हळू वाजलं, हिशेब बरोबर. बाजारातली गाणी मात्र त्या टेपावर म्हशीसारखी रेकायची. तुझी बायको ते सांगतच होती. तिनं ऐकून ऐकून सेल संपवले, एवढाच तिचा गुन्हा. नवे तू घातलेस बाबा!"

रायभान मटकन खाली बसला. ग्यानबा मात्र तसाच उभा.

"बोलणं गोड हाय तुमचं," तो म्हणाला. "पण मला माजी भिवरा ऐकवा. मग मानीन."

इथं माझी गोची झाली. माझ्या मशीनच्या मोटरला मागं एक बारीक स्क्रू असतो. तो पिळला की वेग कमी होतो. पण किती कमी? थोडा जास्त पिळला तर भिवराबाई पुरुषासारखी गाईल. ग्यानबाला विचारावं, तर सात महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाचा आवाज मनात रोज थोडा बदलतो. आणि हळद परवावर आलेली.

"नेमकं कुठं थांबायचं, हे सांगणारा साक्षीदार पाहिजे," मी म्हणालो. "त्या दिवशी अंगणात असलेला, आणि तेव्हापासून अजिबात न बदललेला."

कमलमावशी हसली. तिनं अंगणाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं सर्ज्या मेंढा मांडवासाठी आणलेले आंब्याचे डहाळे खात उभा होता, आणि मान हलेल तशी त्याच्या गळ्यातली घंटी वाजत होती.

५

सोमवारी दुपारी मी दोन मशीन आणि मावशीला घेऊन पिंगळीला गेलो. बल्बच्या होल्डरमधून वायर ओढली, एका मशीनचं मागचं झाकण काढलं आणि अंगणात मांडी ठोकली. मी म्हणालो, घंटी काढून द्या, म्हणजे बरं पडंल. तर ग्यानबा अंगावरच आला. म्होरक्याची घंटी त्याच्या जिवंतपणी काढायची नसते, काढली की कळप फुटतो. मग काय करता! ग्यानबानं सर्ज्याला आणून माझ्याशेजारी उभं केलं. मी मशीनचा डॉक्टर, आणि माझा मदतनीस एक उग्र वासाचा मेंढा. गंगाखेडच्या कुणी बघितलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं.

कॅसेट सुरू केली. आत घुंगरासारखी घंटी वाजली. मावशीनं सर्ज्याची घंटी हातानं हलवली, तो आवाज कितीतरी भरदार होता.

"उतर," मावशी डोळे मिटून म्हणाली.

मी स्क्रू पिळला. आतली पोर मोठी झाली. पंधराची, मग वीसची. ऐकता ऐकता तिचं वय वाढत होतं, आणि अंगणातली माणसं श्वास धरून तिची वाट बघत होती.

"आणखी उतर. आणखी. अंऽ, जरा वर. थांब!"

दोन्ही घंट्या एक झाल्या. कुठली आतली आणि कुठली बाहेरची, मला सांगता येईना. तेवढ्यात कॅसेटमध्ये वाघ्या भुंकला, दांडगा, आणि ओसरीवर झोपलेला खरा वाघ्या उठून उत्तर देऊ लागला. मग जात्याची घरघर आली आणि तिच्यावर एक जाड, भरलेला, थकलेला बायकी आवाज.

बानूला माझ्या, कुणी लावू नका दीठ

ग्यानबानं सर्ज्याच्या लोकरीत तोंड खुपसलं. बानू दारात उभी होती, ती "आई" म्हणाली आणि खालीच बसली. धुरपता जात्यापाशी, भिंतीकडं तोंड करून. तिचे खांदे हलत होते.

मी दुसऱ्या मशीनवर नक्कल भरत होतो, त्यामुळं मला रडायची सोय नव्हती. ओव्या संपल्या. शेवटची ती किरकिर आली. मी बंद करायला हात पुढं केला, तर मावशी ओरडली, "थांब! त्या किरकिरीतसुद्धा घंटी आहे!"

मी कान दिला. खरंच, टाचणीएवढी बारीक घंटी. म्हणजे ती किरकिर नव्हतीच. सेल मरता मरता शेवटी भरलेलं काहीतरी होतं! "हे कधी ऐकलंय का?" मी विचारलं. ग्यानबा म्हणाला, न्हाई, तिथवर येईपर्यंत आमचा टेप दर वेळी बंद पडायचा.

फीत मागं घेतली. स्क्रू पार शेवटाला नेला, तरी पुरेना. मग मी बोटाला फडकं गुंडाळलं आणि फिरतं चाक हलकेच दाबून धरलं. मावशी सर्ज्याची घंटी हलवत होती, आणि मी चाक आवरत होतो. किरकिरीची चिमणी झाली. चिमणीची पोर झाली. आणि मग, दूरच्या विहिरीतून यावा तसा, भिवराबाईचा आवाज आला. मध्ये एकदा ती खोकली. तिला तेव्हाच कळलं होतं, असं मला वाटतं.

माझ्या बानूची हळद, दळील धुरपता
माझ्यामागं तिची, तीच गं आई आता

फीत संपली. चाक थांबलं तरी माझं बोट त्याच्यावरच होतं.

सर्ज्या डहाळे खायला निघून गेला. रायभान उठून भिंतीकडं तोंड करून बसलेल्या बायकोजवळ गेला, पण तिखट तोंडाच्या माणसाला गोड बोलता येईना, नुसताच पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. ग्यानबानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मग तो घरात गेला आणि हळकुंडांचं सूप घेऊन बाहेर आला. रीत काही त्याला सोडता येत नव्हती. त्यानं सूप जात्याजवळ ठेवलं आणि लेकीकडं बघत म्हणाला,

"बाने, तुझ्या काकूला म्हणावं, उंद्याला हळद त्यांनी दळायची. आन् पहिली ओवी कॅसेटीनं नको. त्यांच्या तोंडानं होऊ द्या."

बानूला निरोप सांगावा लागला नाही. धुरपतानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, वळली, आणि नव्या हिरव्या बांगड्यांचा हात सुपावर ठेवला.